डावं पान

मंगळवारी अकरा वाजता विठाबाईची चौकशी होती, आणि सोमवारी दुपारी शिवराम अहिरेच्या टेबलावर चिठ्ठी आली, की टोकनाचं रजिस्टर घेऊन साक्षीला त्यानंच हजर राहायचं. खाली सही दिघेसाहेबांची, म्हणजे पर्सोनेल ऑफिसरची. कोण खात्याबाहेर कधी गेलं आणि कधी परतलं, हे त्या रजिस्टरात टोकनावरून लिहिलेलं असे, आणि टाइम ऑफिसचा क्लार्क म्हणून ते दाखवणं हे शिवरामचं कामच होतं. पण विठाबाईनं आरोपाला जे लेखी उत्तर दिलं होतं, ते इंग्रजी उत्तर शिवरामनं लिहिलं होतं, आणि हे त्या दोघांखेरीज कंपनीत कुणाला ठाऊक नव्हतं.

ही १९८७च्या मार्चमधली गोष्ट. अंबरनाथच्या त्या रंगांच्या कारखान्यात कामगारांना आरोपाचे मेमो इंग्रजीत यायचे. उत्तरही इंग्रजीत दिलं तरच साहेब लोक ते वाचतात, आणि इंग्रजी जितकं जड तितका साहेब दबतो, असा सगळ्या खात्यांचा पक्का समज होता. कंपनीनं असं कधी म्हटलं नव्हतं. पण समज एकदा बसला की बसला. मग मेमो मिळालेला माणूस रविवारी सकाळी गुपचूप उल्हासनगर कॅम्प चारला यायचा आणि शिवरामच्या ओट्यावर चप्पल काढायचा.

शिवरामला जड इंग्रजीचं वेडच होतं. होतचंद नावाच्या सिंधी रद्दीवाल्याकडून त्यानं एक डिक्शनरी मिळवली होती. तिची पुढची पानं गेलेली, मागचीही गेलेली, त्यामुळे ती डीपासून सुरू होऊन एसला संपायची. "ले जा साईं, अपने को तो ये पुड़िया बांधने के काम की भी नहीं," होतचंद म्हणाला होता. शिवराम रोज सकाळी चहाच्या आधी त्यातले तीन शब्द पाठ करायचा. सोपे शब्द तो वगळून टाकायचा, ते काय कुणालाही येतात. मॅग्नॅनिमस, क्वेरुलस, इनेग्झोरेबल, ऑब्सिक्वियस असले शब्द दिसले की त्याचा चेहरा खुलायचा. त्याची बायको द्रौपदी चुलीपाशी बसून ते ऐकायची आणि म्हणायची, "अहो, एखाद्याला शिवी देताय की काय, सकाळी सकाळी?"

गंमत म्हणून हे वेड लागलं नव्हतं. शिवरामचा बाप भगवान बदलापूर गावातून पायी अंबरनाथला एका कारखान्यात कामाला यायचा. बारा वर्षं नोकरी झाल्यावर एक दिवस त्यानं रजेचा अर्ज समजून एका इंग्रजी कागदावर अंगठा उठवला. तो राजीनामा निघाला. त्यानंतर बाप मरेपर्यंत आपल्या अंगठ्याकडे बघत बसायचा, आणि शिवरामनं ते रोज पाहिलं होतं. आपल्या माणसांना पुन्हा कुणी इंग्रजीत गंडवायचं नाही, उलट साहेबालाच डिक्शनरी उघडायला लावायची, हे त्यानं तेव्हा मनाशी ठरवलं.

त्याची कामाची रीत ठरलेली होती. लाल पुठ्ठ्याची एक लांबलचक वही. समोरचा माणूस जे सांगेल ते त्याच्याच बोलीत डाव्या पानावर पेन्सिलीनं उतरवायचं, वर नाव आणि तारीख टाकायची. मग उजव्या पानावर इंग्रजी मजकूर. त्यात नवा शब्द वापरला की त्याच्यावर लाल शाईनं बरोबरची खूण. पुढं चांगल्या कागदावर नक्कल करून खाली त्या माणसाची सही किंवा अंगठा घ्यायचा. शिवरामचं नाव कुठंच येत नसे. सात वर्षांत अशी पन्नासेक उत्तरं त्या वहीत जमली होती, आणि वही त्याच्या पिशवीबाहेर कधी राहत नसे.

आणि आता तर नाव येऊन चालणारच नव्हतं. दिघेसाहेबांनी त्याची ऑफिसरच्या ग्रेडसाठी शिफारस केली होती. "अहिरे, तुमच्यासारखं इंग्रजी आमच्या बदलापूरच्या सोसायटीत कुणाचं नाही हो," असं ते चारचौघांत म्हणाले होते. एप्रिलच्या एक तारखेला ऑर्डर निघणार होती.

सोमवारी संध्याकाळी घरी आल्यावर शिवरामनं वही काढली. उद्या आपल्याच मजकुराची चर्चा होणार, तर एकदा नजर टाकावी, एवढाच हेतू. खरं सांगायचं तर थोडं कौतुकही होतं. विठाबाईच्या उजव्या पानावर चौदा लाल खुणा होत्या, आजवरचा उच्चांक.

विठाबाई पॅकिंगमध्ये होती. नवरा त्याच कंपनीत बॉयलरवर असताना वारला, म्हणून त्याच्या जागी लागलेली. आरोप असा, की तारीख चारला सकाळी अकरा दहाला ती परवानगीशिवाय मशीन सोडून गेली, चाळीस मिनिटं आली नाही, आणि तेवढ्यात अठरा पोती लाल रंग जमिनीवर सांडून वाया गेला. शिक्षा ठरलेली होती, बडतर्फी. घरात म्हातारी सासू गयाबाई आणि शाळेत जाणारी मीनल. विठाबाईची नोकरी गेली असती तर त्या घरात दुसरं मिळवतं माणूस नव्हतं.

शिवराम उजवं पान वाचत गेला. कंपनीचं मॅग्नॅनिमस म्हणजे उदार अंतःकरण, व्यवस्थापनाची कामगारांविषयीची सॉलिसिट्यूड म्हणजे कळकळ, रंगाच्या भुकटीचा डेलिटेरियस म्हणजे घातक परिणाम. वाचताना त्याची मान आपोआप डोलत होती. मग सहज त्यानं डावं पान पाहिलं. पेन्सिलीत विठाबाईचं बोलणं होतं: "भुकटीनं गरगरलं. भिंतीला धरून उभी राहिले. राणेसाहेब आले, म्हणले बाई, जा, बाहेर झाडाखाली बस जरा, मी बघतो मशीन. म्हणून गेले."

त्यानं पुन्हा उजवं पान वाचलं. वरपासून खालपर्यंत, बोट ठेवून. राणेसाहेब त्यात कुठंच नव्हते.

सुपरवायझरनंच तिला जायला सांगितलं होतं, मशीन बघायचं कबूल केलं होतं. अख्ख्या प्रकरणात तिला वाचवणारं वाक्य ते एवढंच, आणि तेच राहून गेलं होतं. कसं राहिलं हेही त्याला लख्ख आठवलं. त्या रविवारी त्याला सॉलिसिट्यूड बसवायला जागा सापडत नव्हती. तो शब्द बसला, त्या आनंदात पुढचा डेलिटेरियस सुचला, आणि साधं वाक्य मागं पडलं. नक्कल झाल्यावर विठाबाईनं विचारलं होतं, "शिवरामभाऊ, माझं सगळं आलं का यात?" तो वर न बघता म्हणाला होता, "आलं आलं. साहेबाला घाम फुटेल." आणि तिनं अंगठा उठवला होता.

अंगठ्याचं आठवलं तशी शिवरामनं वही मिटली. बापाला ज्यांनी कागद पुढं केला, त्यांना तो आयुष्यभर शिव्या देत आला होता. आज त्याला स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज कुठं ठेवावी हे कळेना.

द्रौपदीनं भाकरी थापता थापता त्याच्याकडं दोनदा पाहिलं. शेवटी त्यानं तिला सगळं सांगितलं.

"मग उद्या सांगून टाका तिथं," ती म्हणाली.

"सांगून टाका काय? मी कंपनीचा साक्षीदार. मी लिहिलंय म्हटलं की ग्रेड गेली. आणि नुसत्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? वही दाखवावी लागेल. वहीत पन्नास माणसं आहेत."

"ती पन्नास माणसं सुटलीत ना आता? जुनी प्रकरणं. विठाबाईचं उद्या आहे." तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "राणे स्वतःच खरं बोलला तर प्रश्नच नाही. बोलेल का?"

त्या आशेवर शिवराम दुसऱ्या दिवशी कामावर गेला.

चौकशी कॅन्टीनमागच्या खोलीत होती. टेबलाच्या मधोमध कल्याणहून आलेले वकील, चौकशी अधिकारी म्हणून. एका बाजूला दिघेसाहेब, त्यांच्या शेजारी सुपरवायझर राणे. समोर लोखंडी खुर्चीवर विठाबाई, अगदी कडेला टेकलेली. तिच्या बाजूनं बोलायला पॅकिंगमधला मधु आला होता, पण तो नुसता हाताची घडी घालून बसला होता. शिवराम दाराजवळच्या स्टुलावर रजिस्टर मांडीवर घेऊन बसला. पिशवी पायाशी, आणि पिशवीत वही.

आधी त्यालाच विचारलं. टोकन किती वाजता लागलं? अकरा दहा. कधी निघालं? अकरा पन्नास. "बसा," वकील म्हणाले. आपली साक्ष एवढ्यात आटोपली याचं शिवरामला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून वाईटही वाटलं.

मग वकिलांनी विठाबाईचं उत्तर हातात घेतलं. दोन ओळी मोठ्यानं वाचल्या, चष्मा कपाळावर चढवला. "बाई, हे तुमचंच उत्तर ना? यात काय म्हटलंय, तुमच्या शब्दांत सांगा."

विठाबाईनं कागदाकडं पाहिलं, मग जमिनीकडं. "मला चक्कर आली होती साहेब. राणेसाहेबांनीच सांगितलं, बाहेर बस, मी मशीन बघतो."

वकिलांनी कागद पुन्हा वाचला, खालपर्यंत. "इथं तसं काही नाही."

"असंल साहेब. मी सांगितलं होतं."

"कुणाला सांगितलं होतं?"

विठाबाईची मान जराशी दाराकडं वळू लागली आणि मध्येच थांबली. शिवरामला ते दिसलं. एक नाव घेतलं असतं तर ती सुटली असती, आणि ती घेत नव्हती.

"आठवत नाही साहेब," ती म्हणाली.

"राणे, तुम्ही असं म्हणाला होता?"

राणे टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होते. "नाही साहेब. मी कशाला मशीन सोडायला सांगेन?"

वकील लिहू लागले. लिहिता लिहिता दिघेसाहेबांना म्हणाले, "नंतर सुचलेला बचाव. पहिल्या उत्तरात खरं असतं तर आलं असतं की नाही?" दिघेसाहेबांनी मान हलवली. मधुनं हाताची घडी सोडली आणि पुन्हा घातली.

एक तारीख आठ दिवसांवर होती. गप्प बसलं तर कुणी विचारणार नव्हतं, विठाबाई तर मुळीच सांगणार नव्हती. आणखी चार ओळी लिहून झाल्या की वकील पेन मिटणार होते. शिवराम त्या पेनाकडं बघत राहिला. तीन ओळी झाल्या.

"साहेब," तो उठून म्हणाला, आणि रजिस्टर मांडीवरून खाली पडलं. "ते उत्तर मी लिहिलंय."

दिघेसाहेबांनी त्याच्याकडं असं पाहिलं, जणू घरच्या माणसानंच दार लोटून घेतलं होतं. शिवरामनं पिशवीतून वही काढली, ते पान उघडलं आणि टेबलावर ठेवलं.

वकिलांची नजर आधी उजव्या पानावर गेली, लाल खुणा बघून. "ह्या खुणा कसल्या? आणि हे सॉलिसिट्यूड वगैरे, हे सगळं काय आहे?"

त्या शब्दांचे अर्थ विचारावेत म्हणून शिवराम सात वर्षं वाट बघत होता. चौदाच्या चौदा त्याला झोपेत येत होते.

"ते सोडा साहेब," तो म्हणाला. "डावं पान वाचा."

वकिलांनी वाचलं. तारीख पाहिली, आठ मार्च, मेमो मिळाल्यानंतरचा दुसरा दिवस. मग तेच मोठ्यानं वाचलं, विठाबाईच्या बोलीत, अडखळत. "राणेसाहेब आले, म्हणले बाई, जा, बाहेर झाडाखाली बस जरा." स्वतःचं बोलणं कागदातून परत येताना ऐकून विठाबाईनं पदर तोंडाला लावला. राणेंचं बोट टेबलावर थांबलं होतं.

"मग हे इंग्रजीत का नाही घातलं?" वकिलांनी विचारलं.

खोटं सांगायला वाव होता, घाई झाली म्हणता आलं असतं. "मला शब्द घालायचे होते साहेब," शिवराम म्हणाला. "त्या नादात बाईचं म्हणणं राहिलं. चूक माझी आहे, त्यांची नाही."

राणेंना त्या पानावरून पुन्हा विचारलं, तेव्हा त्यांना थोडं थोडं आठवायला लागलं. विठाबाईची नोकरी राहिली. लेखी उत्तरात गफलत केली म्हणून तिला ताकीद मिळाली, ती शिवरामच्या वाट्याची होती. एक तारखेला ग्रेडची ऑर्डर निघाली, तीत दुसऱ्याचं नाव होतं. शिवरामची बदली मागच्या फाटकावर वजनकाट्याला झाली. ट्रक यायचे, वजन लिहायचं, ट्रक जायचे. वही चौकशीच्या फायलीला जोडली गेली ती गेलीच, त्याचे सगळे शब्द घेऊन. दिघेसाहेब पुढं फाटकातून जाताना मान वळवायचे नाहीत, आणि हे शिवरामला ग्रेडपेक्षा जास्त लागलं.

डिक्शनरी त्यानं टाकली नाही. सकाळचे तीन शब्द पुढंही चालूच राहिले, माणसाची खोड अशी जात नाही. पण ते घरातच राहिले.

त्याच्या हातून काय राहिलं होतं, हे कंपनीत आता सगळ्यांना माहीत झालं होतं, त्यामुळे शिवरामला वाटलं, रविवारी ओट्यावर कुणी येणार नाही. दोन वर्षं आलंही नाही. मग विठाबाईच आली. मीनल दहावी झाली होती, तिला नर्सिंगला घालायचं होतं, अर्ज इंग्रजीत करायचा होता. शिवरामनं नवी वही काढली, तिच्याकडून सगळं ऐकून डाव्या पानावर उतरवलं. उजवीकडं सहा साधी वाक्यं लिहिली. त्यात एकही लाल खूण नव्हती.

एव्हाना विठाबाई प्रौढांच्या वर्गात सही करायला शिकली होती. तिनं पेन मागितलं.

"थांबा," शिवराम म्हणाला. "आधी ऐका." आणि त्यानं उजव्या पानावरचं एकेक वाक्य तिला मराठीत सांगितलं, प्रत्येक वाक्याला तिची मान हलेपर्यंत थांबून. सहावं वाक्य झाल्यावर त्यानं स्वतःच विचारलं, "विठाबाई, तुमचं सगळं आलं का यात?"

"तिचा बाप बॉयलरवर होता, ते राहिलं," ती म्हणाली.

शिवरामनं पेन घेतलं आणि ते वाक्य घातलं.