बांधावरचा उजेड

रोज सकाळी, चहाच्या आधी, हौशीराम आबा कुदळ घेऊन खाचराकडे जात आणि तिचा दांडा बांधावर आडवा ठेवून बांधाची रुंदी बघत. बांधाच्या अलीकडचं भात त्यांचं, पलीकडचं धाकट्या भावाचं, रखमाजीचं. दांड्याचं टोक नेहमीपेक्षा जरा जास्त बाहेर आल्यासारखं वाटलं, की आबा मान वर करून समोरच्या घराकडे बघत राहत. टाकवे गावात त्या वाटेने जाणारे विचारत, "काय आबा, आज बांध किती खाल्ला?" आबा उत्तर देत नसत. विचारणाराही त्यात सामील असेल, असं त्यांना वाटे.

स्वभावच तसा. गाईने दूध कमी दिलं तर ते आधी वासराकडे रोखून बघत. त्यांच्या पत्नी, शालूबाई, सांगायच्या, "लग्नात अंतरपाट धरला, तवा ह्यांनी खालनं वाकून बघितलं. ठरवलेलीच पोरगी हाय का दुसरी हुबी केली म्हनून."

त्या श्रावणात बांध रखमाजीच्या बाजूने हातभर ढासळला.

"खेकडी पोखरत्यात, दादा," रखमाजी म्हणाले.

"व्हय. आन् खेकडीला कुदळ कुनी दिली?"

त्यानंतर दोघं बोलायचे थांबले. आठवड्याभरात आबांनी कुसगावच्या कोमलला बोलावलं. ती लोणावळ्याच्या बंगल्यांवर कॅमेरे बसवायची. भाताच्या खाचरावर कॅमेरा लावायची तिची पहिलीच वेळ होती. तिने साधा कॅमेरा आणला. घराच्या कोपऱ्यावर खांब उभा केला, दिवस मावळल्यावर चित्र दाखवलं. काळ्यापांढऱ्या चित्रात शालूबाई बांधावरून चालत होत्या.

"ही शालू हाय हे मला म्हाईत हाय म्हनून शालू," आबा म्हणाले. "उद्या त्यो म्हनंल, ह्यो मी न्हवंच. मला रंग पायजेत."

रखमाजीकडे तळेगावच्या कारखान्यातून मिळालेला निळा रेनकोट होता. पावसाळाभर तो त्यांच्या अंगावर असे. आबांना तो निळा निळाच दिसायला हवा होता.

मग रंगीत कॅमेरा आला आणि त्याची परीक्षा सुरू झाली. चार संध्याकाळी शालूबाई दिवेलागणीनंतर बांधावरून फिरल्या; कधी लाल लुगडं, कधी हिरवं, कधी गडद निळं, कधी लेकीने दिलेली पिवळी साडी. ओट्यावर आबा आणि कोमल मोबाइलवर वाकलेले.

"या वयात मला नटवून बांधावर नाचीवत्यात," शालूबाई चिखलातून ओरडत.

लाल ठीक दिसे. हिरवा भातात मिसळून जाई. गडद निळा पदर मात्र काळाच दिसे, आणि चालताना शालूबाईंच्या आकृतीची कडा पाण्यात पडलेल्या रंगासारखी पसरे.

"उजेड कमी आहे, आबा," कोमल म्हणाली. "अंधारात कॅमेरा डोळा जास्त वेळ उघडा ठेवतो. माणूस थांबलं तर स्वच्छ येतं, चाललं की पुसतं."

"मंग चोराला सांगू का, बाबा, जरा हुबा ऱ्हा म्हनून?"

कोमलने पांढरा दिवा बसवला. मग दुसरा, त्याहून मोठा. बांध, दोन्ही बाजूंचं भात, पावसाचा एकेक थेंब उजळून निघाला. पण निळ्याची खात्री आबांना पटेना. शेवटी त्यांनी शालूबाईंना रखमाजीच्या घरी पाठवलं, रेनकोट मागायला. त्या रिकाम्या हाताने परत आल्या. मागोमाग, रेनकोट अंगात घालून, स्वतः रखमाजी आले.

"दादा, वहिनीला कशाला दमवतूस? मीच चालतो की."

ते बांधाच्या टोकाला गेले आणि संथपणे चालत आले. मध्ये थांबून कॅमेऱ्याकडे तोंड केलं. "वळखू येतोय का? का टोपडं काढू?"

कोमलला हसू आवरेना. चित्र सुंदर आलं होतं. निळा रेनकोट, त्यावरचं ओलं तेज, चेहऱ्यावरचा तीळसुद्धा. आबा हसले नाहीत. ते हळूच म्हणाले, "पाय बघ कसा टाकतोय. अंधारात बांधावरनं चालायची सवय हाय त्येला."

दिवा रोज दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत जळू लागला. आबा सकाळी रात्रभराचं चित्र पुढे सरकवत बघत. बेडूक, घुबड, एकदा उदमांजर. खेकडीही दिसली, तांबूस नांग्यांनी माती उपसताना. आबा ते चित्र पुन्हा बघत नसत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शालूबाई तोरणाला बांधायला नव्या भाताच्या लोंब्या आणायला गेल्या आणि तशाच परतल्या. गावात सगळीकडे आंबेमोहोर निसवला होता, लोंब्या बाहेर पडल्या होत्या, शिवार पिवळसर व्हायला लागलं होतं. घरासमोरचं त्यांचं भात मात्र काळंभोर हिरवं, उंच, आणि एकही लोंबी नाही.

आबा खाचरात उतरले. भाताचं एक धाट उपटून चिरलं. आत काहीच नव्हतं. ते वर आले तेव्हा त्यांचा चेहरा शांत होता. इतके दिवस ज्याची वाट बघितली ते आल्यासारखा.

"फवारलंय कायतरी."

ते कॅमेऱ्यातलं जुनं चित्र शोधत बसले. दुपारी सापडलं. एका संध्याकाळी निळा रेनकोट बांधावर उकिडवा बसला होता. हात आबांच्या भातात होता. भात उंच असल्यामुळे हातात काय आहे ते दिसत नव्हतं. पण माणूस कोण याबद्दल शंका नव्हती. एवढी परीक्षा करून घेतलेली होती.

आबांनी कोमलला बोलावून घेतलं. ते चित्र वेगळं काढून दे, उद्या सण झाला की वडगावला पोलिसात जायचंय.

शालूबाई चुलीपुढून उठल्या. "अवं, सख्खा भाऊ हाय. एकदा तक्रार लिवली की पुसता येत न्हाई. उद्या तुमाला खांदा द्यायला कोन येनार हाय? ह्यो खांब?"

"खरं हाय त्ये हाय," आबा म्हणाले. "दिसतंय न्हवं रंगात?"

कोमल चित्र काढून घेत होती. तारीख शोधताना तिच्या बोटाखालून दिवसाउजेडीची चित्रं सरकली आणि ती थांबली.

"आबा, हे आज सकाळचं. हा हिरवा भाग बघा. हातपंख्यासारखा आहे ना? खांबापाशी अरुंद, पुढे रुंद."

"मंग?"

"माझा दिवा असाच पडतो." तिने त्याच जागेचं रात्रीचं चित्र शेजारी आणलं. उजेडाचा पंखा आणि हिरवा पंखा एकावर एक बसत होते. मधल्या जांभळीच्या झाडाची सावली पडे, तेवढी चिंचोळी पट्टी पिवळी होती. आणि पंखा बांधापाशी थांबत नव्हता. पलीकडे, रखमाजीच्या खाचरातही, तो तसाच हिरवा पसरला होता.

आबा उठले. चप्पल न घालता जांभळीच्या पट्टीत गेले. तिथे लोंब्या होत्या. मग ते बांधावर उभे राहिले आणि कितीतरी दिवसांनी त्यांनी हाक मारली, "रखमा!"

रखमाजी आले.

"तुजंबी निसवलं न्हाई?"

"न्हाई."

"माज्या भातात हात घालून काय करत व्हतास?"

"भाताची पोटरी चाचपत व्हतो, आत लोंबी धरलीय का म्हनून. माजं अडलं, तुजंबी अडलंय का बघाया. उजेडात हाय तेवढंच अडलंय, दादा. रात कवा झाली ह्येच त्येला कळंना."

"मंग बोलला का न्हाईस?"

रखमाजी जरासे हसले. "बोललो असतो, दिवा इजव म्हनून, तर तू आजून एक लावला असतास."

आबांनी बांधाकडे बघितलं, मग भावाकडे, बराच वेळ, खोटं शोधत असल्यासारखं. नंतर ते घराकडे वळले. वडगावला कोणी गेलं नाही. त्या संध्याकाळी दिवा लागला नाही.

कॅमेरा मात्र त्यांनी काढू दिला नाही. उजेडाविना त्यात करड्या धुरळ्याशिवाय काही येत नसे. बांध कुठला नि आभाळ कुठलं, ते कळत नसे. तरी आबा पुष्कळ दिवस सकाळी तो धुरळा बघत. अडलेलं भात उशिरा निसवलं, थंडीत सापडलं, निम्मे दाणे पोकळ निघाले. दोन्हीकडे सारखंच. रखमाजीने त्याबद्दल कधी शब्द काढला नाही, आणि न बोलण्यामागे काय असेल याचा आबा अधूनमधून विचार करत.

पौषात आबा झोपेतच गेले. आदल्या संध्याकाळी रखमाजीच्या घरून, त्यांच्या लांबच्या खाचरातल्या आंबेमोहोराचा भात डब्यातून आला होता. वाटण्या झाल्यापासून त्या घरचा घास आबांनी तोंडात घेतला नव्हता. शालूबाईंनी कुठून आला ते सांगून वाढला. आबांनी ताट जवळ ओढलं, वास घेतला, शालूबाईंकडे बघितलं. त्यांनी आधी एक घास खाऊन दाखवला. मग आबा जेवले, पुन्हा मागून जेवले, हात धुतला आणि अंथरुणाकडे जाता जाता म्हणाले,

"रखमाचा डबा रिकामा धाडू नको गं."