मायदेईच्या वाट्याचा डबा

नवीकोरी वस्तू विकत घेणं ओनियासच्या जिवावर यायचं. ग्वेरू शहरातल्या एका बेकरीची पावाची गाडी तो चालवायचा, आठवड्यातून एकदा बुलावायोची फेरी मारायचा, आणि कुठलं ऑफिस बंद पडतंय, कुठल्या शाळेचे जुने कॉम्प्युटर भंगारात निघालेत, याची बित्तंबातमी त्याच्याकडे असायची. त्याची बायको मायदेई नगरपालिकेत टायपिस्ट होती. कपातीत तिची नोकरी गेली. तेव्हापासून ती शाळेचे स्वेटर विणून विकत होती, पण तिचं मन काही सुयांत रमत नव्हतं.

"रुविंबोची आई," ओनियास एकदा जेवताना म्हणाला, "तुला घरी कॉम्प्युटर करून देतो. तू टायपिंगची कामं घे."

"करून म्हणजे? विकत घ्या की एखादा."

"विकत सगळेच घेतात," तो म्हणाला आणि मक्याच्या पिठाच्या साझ्याचा गोळा पालेभाजीत बुडवून खात राहिला.

आणि त्याने खरंच केला. वर्ष गेलं त्यात. बंद पडलेल्या एका विमा कंपनीच्या ऑफिसातून कॅबिनेट आलं, त्यातला मदरबोर्ड धडका होता. मॉनिटर एका हॉटेलवाल्याने उधार पावाच्या बदल्यात दिला. रॅम आणली ती बोर्डाच्या खाचेत बसेचना, कारण ती निघाली दुसऱ्याच पिढीची. विकणारा परत घेईना. मग ओनियासने रोज सकाळी पावाची गाडी बरोबर त्याच्या दुकानाच्या तोंडाशी उभी करायला सुरुवात केली आणि आत बसून शांतपणे चहा पिऊ लागला. शेवटी त्या माणसाने हात जोडून रॅम बदलून दिली.

एक खोड मात्र वाईट होती त्याला. काहीही मिळालं की ते घरी आणायच्या आधी नातलगांना दाखवून यायचा. मॉनिटर आधी त्याच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे सगळ्यांच्या तेतेने, आत्याने, पाहिला. कॅबिनेट धाकटा भाऊ फानुएल याने स्वतः गाडीतून उतरवलं. कीबोर्डवर आईने हात फिरवला. काय कितीला पाडून घेतलं हे त्यांच्या सगळ्या मकोबा वस्तीला पाठ झालं होतं.

राहिला होता विजेचा डबा, दुकानदार ज्याला पॉवर सप्लाय म्हणतात तो. ओनियास अर्थातच सगळ्यात स्वस्त डबा उचलायला निघाला. दुरुस्तीवाला म्हणाला, "घ्या, पण गेलेली वीज झटक्यात आली की हा बोर्ड जाळतो. बोर्डाबरोबर आतलं सगळं."

"वीज गेली की मी बटण बंद करीन," ओनियास म्हणाला.

"तुम्ही बुलावायोला असाल तेव्हा?" मायदेई म्हणाली. तिने स्वेटरचे साठवलेले पैसे काढले आणि नवाकोरा, खोक्यातला, वजनदार डबा घेतला. ओनियासला याचंही कौतुक. पुढे महिनाभर तो सांगत फिरत होता की सगळं मी जमवलं, पण विजेचा डबा माझ्या बायकोच्या कमाईचा.

कॉम्प्युटर चालू झाला आणि मायदेई पुन्हा माणसांत आली. कॉलेजच्या पोरापोरींचे प्रबंध, नोकरीचे अर्ज, अंत्यविधीच्या पत्रिका. टाइप करून पेन ड्राइव्हवर द्यायची, छापायला नाक्यावरचं दुकान होतं. लेकीची, रुविंबोची, फी त्यावर निघू लागली. मग एक दिवस ओनियास पोटात दुखतंय म्हणाला. दवाखान्यात नेला आणि घरी आणला तो शवपेटीतूनच.

मायदेई टाइप करत राहिली. करणार काय दुसरं? तेतेने नाक मुरडलं, "माणूस थंड होत नाही तोच हिची खटखट सुरू," असं चार जणींना सांगितलं. पण वर्षाने मृताच्या वस्तू वाटायचा दिवस येईपर्यंत कोणी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

तो दिवस आला. घरी गाळलेली बिअर आली, ढोल आले. मायदेईने रिवाजाप्रमाणे नवऱ्याची काठी ओलांडली. वर्षभर नीट वागलेली बाईच ती बिनधोक ओलांडू शकते, म्हणून बायकांनी आनंदाने आरोळी दिली. मग चटईवर ओनियासचे कपडे मांडले. वाटणारा होता भाचा गिवमोर, कारण ते काम भाच्याचंच. कोट याला, बूट त्याला, सायकल तिसऱ्याला. सगळं नीट चाललं होतं. तेवढ्यात फानुएलने दाराकडे मान वळवली.

"आतला कॉम्प्युटर राहिला."

"तो माझ्या कामाचा आहे, भाऊजी," मायदेई म्हणाली.

"काम तुझं गं," तेते म्हणाली, "पण वस्तू आणली कोणी?"

इथे मायदेई खोटं बोलू शकली असती, पण अंगणातल्या प्रत्येकाला प्रत्येक भागाचा जन्म ठाऊक होता. ओनियासच्या तोंडाने आधीच सगळी साक्ष देऊन ठेवली होती.

"विजेचा डबा माझा. बाकी ह्यांनी आणलं."

"पाहा, खरं बोलली," तेते म्हणाली. "सून गुणाचीच आहे आमची."

गिवमोर घाईने म्हणाला, "बाईच्या हातच्या कमाईला कोणी हात लावायचा नाही. डबा मामीचा." बिचाऱ्याला वाटलं, डबा मामीचा म्हटलं की त्याच्यामागे सगळं मामीकडे राहील.

"राहू दे की तो," फानुएल म्हणाला. "बाकीचं वाट."

"अहो, सुटं करून ते चालायचं नाही," मायदेईचा आवाज चढला. "सगळं एकत्र असेल तरच चालतं."

"दादाने सुटंच आणलं होतं, वहिनी. मी उतरवलंय माझ्या हाताने."

"बैल कापल्यावर कोणी म्हणतं का, सगळा एकत्र असेल तरच चालतो?" तेते म्हणाली, आणि अंगण हसलं.

कायदा मायदेईला माहीत नव्हता असं नाही. घरातलं सामान विधवेचं, असे अर्ज तिने नगरपालिकेत असताना दुसऱ्या बायकांसाठी टाइप केले होते. पण अर्ज ऑफिसात राहतो, आणि ही माणसं अंगणात बसली होती. उद्या रुविंबोच्या लग्नाची बोलणी हीच करणार. पोरगी त्यांच्या कुळाची, कुळ त्यांच्या ताब्यात. कायदा तिने मनातच ठेवला. तिला तेव्हा स्वतःची चीड आली आणि नंतरही कितीतरी दिवस येत राहिली.

गिवमोरने स्क्रू काढले. मॉनिटर तेतेला. कॅबिनेट, बोर्ड, हार्ड डिस्क फानुएलला. कीबोर्ड म्हाताऱ्या सासूला, माउस एका चुलत भावाला. सगळ्यांत शेवटी त्याने खाली मान घालून विजेचा डबा मामीच्या मांडीवर ठेवला. त्याच्या वायरी बाहेर लोंबत होत्या. मायदेईने रिवाजाप्रमाणे टाळ्या वाजवून आभार मानले.

पावसाळा सरता सरता फानुएल साखर आणि पाव घेऊन आला. अगदी गोडीत.

"वहिनी, मी तेतेकडून स्क्रीन आणली. आईकडून कीबोर्ड. माउससुद्धा मिळाला. फक्त विजेचा डबा नाही."

"दुकानात मिळतो."

"मिळतो, पण स्वस्तातला लावला तर बोर्ड जळेल म्हणतात, आणि चांगला मला परवडत नाही." तो समजावणीच्या सुरात पुढे म्हणाला, "तुमच्याकडे नुसता पडून आहे. ही वस्तू सगळी एका घरात असली तरच चालते, वहिनी."

मायदेई त्याच्याकडे पाहत राहिली. माणूस थट्टा करत नव्हता. हे वाक्य आपण आधी कुणाकडून ऐकलंय, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"मग सगळं माझ्याकडे आणा," ती म्हणाली.

"लोक काय म्हणतील? दादाच्या वस्तू भाऊ असताना वहिनीच्या दारात?" तो हसला. "तुम्ही या ना आमच्याकडे टाइप करायला. नाहीतर मी तो स्वस्तातलाच लावून बघतो."

त्या डिस्कमध्ये दोन पोरांचे अर्धवट प्रबंध होते. शिवाय तो बोर्ड ओनियासने वर्षभर वणवण करून जमवलेल्या सामानातला होता. जळू दे म्हणण्याइतकं तिचं काळीज घट्ट नव्हतं. हे फानुएलला कळलं होतं की नाही कोण जाणे. तिने फळीवरून डबा काढला, फडक्याने पुसला आणि दिला.

पुढल्याच महिन्यात कॉलेजची एक मुलगी हाताने लिहिलेली पानं घेऊन तिच्या दारी आली.

"टायपिंग आता माझ्या दिराच्या घरी असतं," मायदेई म्हणाली. "पाण्याच्या टाकीमागे, निळं फाटक."

"तुमचे दीर करतात टाइप?"

"नाही. टाइप मीच करते," मायदेई म्हणाली. "पैसे त्यांच्याकडे द्यायचे."