दोन्ही बाजूंनी कोट

अंबडच्या आमच्या महाविद्यालयात सगळे ज्यांना ‘कोट सर’ म्हणत, त्यांना कोटात कधी कोणी पाहिलं नव्हतं. बारा महिने बाह्या दुमडलेला पांढरा शर्ट. ते संगणक शिकवायचे. मुलांनी संगणकाला द्यायच्या आज्ञांची स्क्रिप्ट पुढे केली, की पूर्ण वाचायच्या आधीच म्हणत, “कोट लाव.” म्हणजे फोल्डरच्या नावाच्या दोन्ही बाजूंना दुहेरी अवतरणचिन्ह.

“सर, संमेलनाला तरी कोट घाला की,” एकदा एक मुलगी म्हणाली.

“माझा कोट कीबोर्डवर असतो. तू तुझा घालून दाखव आधी.”

मी मराठी शिकवते. गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं ध्वनिमुद्रित करण्याचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं. प्रत्येक गावाचं एक फोल्डर. सरांचा आग्रह मला किरकिर वाटायचा. ते म्हणायचे, “मॅडम, दुसऱ्याचं बोलणं तुम्ही अवतरणात घालता का न्हाई? मंग मशीनपुढं गावाचं नाव उघडं कसं ठेवता?”

कारण कळलं ते केदारखेड्याला, चहा पिताना. आमच्या संग्रहात एक वडगाव होतं, एक वडगाव खुर्द. खुर्दची जादा प्रत पुसायला सरांनी स्क्रिप्ट लिहिली आणि नावाला कोट लावायचा राहिला. मधली मोकळी जागा पाहून मशीननं दोन नावं धरली, वडगाव आणि खुर्द. नुसत्या ‘खुर्द’ नावाचं काही नव्हतंच. वडगाव होतं. ते पुसलं गेलं. त्यात सरांच्या आईचं बोलणं होतं, आणि आई तोवर वारली होती.

“मशीनचं काय चुकलं? मी एकच गाव सांगून राह्यलो, त्याला दोन ऐकू आली.” त्यांनी कप खाली ठेवला. “आणि एकदा लावून भागत न्हाई, मॅडम. एक स्क्रिप्ट दुसरीला नाव देते ना, तिथं परत लावायचा. हातात आलं तसंच पुढं द्यायचं.”

नंतर आम्ही वडगावला परत गेलो. आईच्या शेजारणीला सरांनी आईबद्दल बोलतं केलं आणि ते ध्वनिमुद्रण वडगावच्याच फोल्डरात ठेवलं. सरांचा आवाज उरलाय तो तेवढ्याच फोल्डरात. या उन्हाळ्यात सर गेले.

परवा मशीनमधली जागा भरली. वडगाव खुर्द दुसरीकडे हलवून झालं होतं. इथून पुसायचं काम माझ्याकडे आलं. हल्ली कुठल्याच कामाला हात उचलत नाही. सरांनी दुरुस्त केलेली स्क्रिप्ट उघडून पाहिली. ती नाव दुसऱ्या स्क्रिप्टकडे देते, तिथं त्यांनी "$@" लिहून ठेवलं होतं. कोटासकट. आलं तसं पुढं दे, एवढाच त्याचा अर्थ. पहिला कोट तेवढा मला लावायचा होता.

एक चिन्ह दिलं. वडगाव खुर्द लिहिलं. दुसरं चिन्ह दिलं. पुन्हा वाचलं आणि बटण दाबलं.

मग भीत भीत वडगाव उघडलं.

“बोला मावशी,” सर म्हणाले, “बिलकुल घाई न्हाई.”