हैदराबादेत जेवून जिंकलेली मॅच

उदगीर स्टेशनवर आमच्या बास्केटबॉल टीमला निरोप द्यायला प्राचार्य स्वतः आले, तेव्हाच मला कळायला हवं होतं. गाडी हलायच्या आत ते खिडकीशी आले आणि म्हणाले, "मॅडम, पोरं सगळा सीझन हरलीत. हैदराबादेत एक तरी मॅच जिंकून आणा. नाहीतर ते कोर्ट मी पार्किंगला देऊन टाकतो." गाडी सुटली, आणि दहा उंच पोरं आणि मी एकमेकांकडे बघत बसलो.

मी राज्यशास्त्र शिकवते. बास्केटबॉलशी माझा संबंध इतकाच की माझ्या वर्गाच्या खिडकीतून तो आपटल्याचा आवाज येतो आणि माझं डोकं उठतं. पण आमचे क्रीडाशिक्षक न्हाणीघरात घसरले, पाय प्लॅस्टरमध्ये गेला, आणि टीमबरोबर स्टाफपैकी कोणीतरी मॅनेजर लागतो. मीटिंगला मी जरा उशिरा पोचले, तोवर सगळ्यांनी मिळून माझं नाव सुचवून टाकलं होतं.

आमच्या कोर्टाबद्दल इथेच सांगून टाकते. त्याच्या दोन्ही बास्केटखाली स्टाफच्या गाड्या लागतात. सगळ्यात पुढे प्राचार्यांची स्कूटर. बॉल सीटवर पडला की वरच्या खिडकीतून प्राचार्यांचं डोकं बाहेर येतं. त्यामुळे आमच्या पोरांना बास्केटखाली जायची सवयच नाही. लांब उभं राहायचं, नेम धरायचा आणि बॉल अलगद जाळीत सोडायचा. तो खाली झेलायला एकजण स्कूटरपाशी उभाच असतो. "सर, गाडी जरा बाजूला घेता का," एवढं म्हणायची कप्तान गोविंदची तीन वर्षांत छाती झाली नव्हती. हा गोविंद बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. दर रविवारी स्वतः चुना कालवून कोर्टाच्या रेघा आखतो. भिडस्त तर इतका की रेफ्रीने चुकीची शिट्टी मारली तरी 'थँक्यू सर' म्हणतो. बिदर गेलं तरी तो खिडकीबाहेर बघत होता. शेवटी मी विचारलं तेव्हा म्हणाला, "मॅडम, कोर्ट गेलं तर पुढच्या पोरांना मी काय सांगू?" मी त्याला चिवडा दिला.

नामपल्लीला उतरलो. स्पर्धा जवळच्याच एका कॉलेजात, चार टीमा, प्रत्येकीच्या तीन मॅच. पहिली मॅच बघून मला बास्केटबॉल कळला आणि आपलं काय होणार तेही कळलं. समोरची पोरं वाऱ्यासारखी पळत. आमची पोरं बॉल घेऊन बास्केटपर्यंत जायची आणि तिथे गचकन थांबायची, पुढे स्कूटर उभी असल्यासारखी. प्रेक्षकांना काय चाललंय ते समजेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोरांना बेगम बाजारात नेलं. मला घाऊक भावात वेलदोडे आणि दगडफूल घ्यायचं होतं, आणि पिशव्या धरायला एवढे उंच हात पुन्हा कधी मिळणार? दुपारची मॅचही हरलो. त्यात वेलदोड्यांचा काही दोष नव्हता, हे माझं मत अजून कायम आहे.

उरली शेवटची मॅच, यजमान कॉलेजशी. तिच्या आदल्या संध्याकाळी विमलआत्याचा फोन आला. विमलआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न होऊन आबिड्सला गेली ती तिथलीच झाली.

"बेबी, तू परसों आलीस म्हणे (हैदराबादेत कालपासून गेल्या वर्षापर्यंतचं सगळं 'परसों'च असतं). आत्याला सांगायचं नक्को वाटलं का? उद्या सगळी पोरं घेऊन जेवायला ये."

मी म्हटलं, चारला मॅच आहे, संपल्यावर येतो. ती म्हणाली, चिन्ना म्हणतोय उद्या दुपारीच बोलव. चिन्ना तिचा नातू, माझ्या आतेभावाचा मुलगा. चिन्ना म्हणजे तेलुगूत धाकटा; हा धाकटा सहा फुटांच्या वर गेलाय असं आत्या सांगायची, मी त्याला शाळेत असताना शेवटचा बघितलेला. आता पोराने आजीला एवढं सुचवलं म्हटल्यावर मला भरून आलं, आणि मी हो म्हणून बसले. माहेरच्या माणसाला नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही.

आत्याच्या हॉलमध्ये सोफे भिंतीला लावून केळीची पानं मांडली होती. पुरणपोळी, कटाची आमटी, पुळिहोरा (चिंचेचा भात), अंबाडीची चटणी, आणि वर डबल का मीठा (तुपात तळलेल्या पावाचा गोड पदार्थ). वाढायला चिन्नाने मित्रांची फौजच आणली होती, सगळी त्याच्यासारखीच ताडमाड. आत्याचा ऊर भरून आला होता, आजकालची पोरं एवढी कामाची कुठे असतात म्हणत होती. आणि आग्रह तरी कसा? एकाने पोळी वाढावी, दुसऱ्याने त्यावर तूप, तिसऱ्याने 'माझ्या हातची एक, भाई' म्हणत पुन्हा पोळी. पानावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून तूप ओतत. आमची पोरं खेड्यापाड्यातली, पानात टाकायचं नाही हे हाडीमाशी खिळलेलं. खात राहिली. आमचा सर्वात दांडगा गडी भिंतीला टेकून डोळे मिटून बसला, तरी त्याचा घास चालूच.

मी हात धुवायला गेले. गॅलरीत दोरीवर ओळीने जर्सी वाळत होत्या, आख्ख्या टीमच्या, मरून रंगाच्या. हाच मरून रंग मी पहिल्या दिवशी उद्घाटनाला बघितला होता, यजमानांच्या अंगावर; चेहऱ्यांकडे आमच्यापैकी कोणी नीट बघितलं नव्हतं. चारला आमची गाठ ज्यांच्याशी होती, ते सगळे आत माझ्या पोरांना तूप वाढत होते. चिन्ना त्यांचा कप्तान होता, टीमच्या जर्सी आजीच्या मशीनला लावणारा, आणि मला कुणी सांगितलंच नव्हतं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आत्याला यातलं काही माहीत नव्हतं, आणि तिच्या पंगतीत मी भांडण काढणार नव्हते. शिवाय आपल्याकडची एक रीत मला वेळेवर आठवली.

मी आत येऊन सगळ्यांदेखत म्हणाले, "आत्या, आमचं झालं. आता वाढणाऱ्यांनी बसायचं. आम्ही वाढतो."

चिन्नाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, आम्ही मॅचनंतर खाऊ. आत्याने त्याच्याकडे नुसतं बघितलं. "माझ्या हातचं नक्को झालं?" एवढंच विचारलं, आणि सगळी फौज मुकाट मांडी घालून बसली. स्वयंपाक दोन पंगतींचा होताच. आत्याच्या घरी अन्न कमी पडत नाही. स्वयंपाकघरात मी गोविंदच्या हातात पोळ्यांची परात दिली आणि म्हणाले, "चारला आपल्याला यांच्याशीच खेळायचंय. हात आखडू नकोस." मग त्या भिडस्त पोराने जो काही आग्रह केला, तसा मी माझ्या लग्नातसुद्धा बघितला नाही. 'दादा, कोर्टाची शपथ, एवढा एक' म्हणत त्याने चिन्नाला डबल का मीठा तीनदा वाढला.

निघताना ऑटो केले. आमचा ऑटो चढाला कण्हायला लागला, तेव्हा ड्रायव्हरने मागे वळून विचारलं, "क्या खाके आए जी तुम लोगां?" गोविंदने त्याला सगळा बेत सांगितला. ऐकून त्याने पहिला गिअर टाकला, तो कॉलेज येईपर्यंत बदलला नाही.

त्या मॅचसारखी मॅच मी पुन्हा बघणार नाही. कोणी पळतच नव्हतं. दोन्ही टीमा जेवणानंतर शतपावलीला निघाल्यासारख्या कोर्टावर फिरत होत्या. चिन्नाने एकदा उडी मारली आणि खाली आल्यावर पोट धरून बसला. त्यांचे कोच बाजूने ओरडून ओरडून घोगरे झाले. त्यांना कोण सांगणार? आता गंमत अशी, की मरून टीमचा सगळा खेळ पळण्याचा. पळणंच बंद म्हटल्यावर त्यांना काही सुचेना. आणि आमची पोरं? ती तर तीन वर्षं स्कूटरच्या अलीकडेच उभी होती. जागचं न हलता, लांबून, अलगद. एक गेला. दुसरा गेला. मी उभी राहिले ती शेवटपर्यंत खाली बसलेच नाही.

शेवटी बरोबरी होती. बॉल गोविंदकडे आला. त्याच्यापुढे बास्केटपर्यंत सगळी वाट मोकळी होती, पण तो गेला नाही. जिथे होता तिथूनच त्याने हात उचलला आणि बॉल आवाज न करता जाळीतून खाली आला. मग शिट्टी झाली. गोविंद रेफ्रीला 'थँक्यू सर' म्हणाला, आणि मला रडू फुटलं. चारचौघांत, अगदी हुंदके देऊन रडले.

नामपल्लीला गाडीत बसलो तर चिन्ना डबा घेऊन धावत आला. "बेबीआत्या, मी जरा जास्तच केलं. पण तुम्ही पण काही कम नै." मी त्याचा कान धरला आणि मग जवळ घेतलं. डबा उघडल्यावर गोविंदने पहिली पोळी चिन्नाला खायला लावली, मगच बाकीच्यांनी हात लावला.

उदगीरला उतरून पोरं घरी गेली नाहीत, सरळ कोर्टावर गेली. मीही गेले. गोविंदने चुना कालवला आणि दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. निम्म्या रेघा झाल्या असतील, तेवढ्यात प्राचार्य आले आणि सवयीने स्कूटर थेट बास्केटखाली, ओल्या रेघेवर लावली.

गोविंद चुन्याचा डबा घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिला. "सर, गाडी बाहेर घ्या. इथे आम्ही खेळतो."

प्राचार्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दोरी ताणून धरली. त्यांनी किक मारली, आणि त्यांच्यामागे एकेक करून बाकीच्या गाड्याही निघाल्या. एवढं मोठं कोर्ट मी पहिल्यांदाच बघत होते. गोविंदने बॉल उचलला आणि पळत सुटला. बास्केटपाशी आला, आणि गचकन थांबला.

"जा की रे पुढे," मी म्हणाले.

गेला.