जिवंत माणसाला दिलेला खांदा

माझे वडील जिवंत असताना लोकांनी त्यांना खांदा दिला होता.

आणि ज्या माणसाने हे घडवून आणलं, त्याला आज सकाळी मी खांदा देऊन आलो.

सुकदेव नाना गेले.

आमच्या मळ्याला लागून त्यांचा मळा. माझ्या वडिलांचे, म्हणजे आबांचे, लहानपणापासूनचे मित्र. झोपेतच गेले. तक्रार नाही. वय झालं होतं.

गोष्ट सत्तरच्या दशकातली आहे. मी तेव्हा आईच्या पोटात होतो.

आबांनी एका पाव्हण्याची फटफटी मागून आणली होती. मागे नाना. निघाले पारोळ्याच्या बाजाराला. दोघांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या. हेल्मेट हा शब्दही तेव्हा आमच्या गावात कोणी ऐकलेला नव्हता.

वाटेत एकाने रस्त्यावर दादर पसरली होती. दादर म्हणजे आमच्याकडची ज्वारी. येणाऱ्या-जाणाऱ्या चाकांखाली कणसं आयतीच मळून निघतात, म्हणून लोक डांबरी रस्त्यालाच खळं करायचे.

फटफटी कणसांवर गेली आणि घसरली.

नाना उडून ढिगावर पडले. कपडे झटकून उभे राहिले.

आबा फटफटीखाली. डोक्यातून रक्त. मांडी मधोमध वाकलेली, जिथे वाकायला सांधाच नसतो.

एकच गाडी. एकच पडणं. याचं असं का आणि माझं असं का, हे नाना पुढे आयुष्यभर मारुतीला विचारत राहिले.

बैलगाडी आणली. पहिल्याच हिसक्याला आबांची शुद्ध गेली. नाना ओरडले, "उतरवा त्याले!"

ज्याची दादर होती तोच धावत जाऊन मळ्यातली खाट घेऊन आला. तो, त्याचे दोन सालदार आणि नाना. चौघांनी खाट खांद्यावर घेतली.

ऊन मी म्हणत होतं. पारोळा लांब. रस्त्यात भेटणारी माणसं खाटेत डोकावायची, "लवकर दवाखान्यात न्या" म्हणायची आणि आपल्या वाटेने जायची.

चौघे थकले. पाय अडखळायला लागले. खाट हलली की आबा कण्हायचे.

डोळ्यांवर ऊन येतं म्हणून नानांनी आबांच्या तोंडावर उपरणं टाकलं.

तेवढ्यात समोरून येणारा एक माणूस थांबला. चपला काढल्या. खाटेला खांदा लावला.

नाना समजले.

इकडे आबा शुद्धीवर आले होते.

"सुक्या, मी मरनु नही रे अजून!"

"माले माहीत शे. तू गप पडी राय."

"तोंडवरनं फडकं काढ ना."

"नही काढस. जित्ताले लोक सल्ला देतस, मडाले खांदा देतस. पारोळा येस तोवर तू मडं शे. समजनं का?"

आबा पडून राहिले. मेल्यासारखे.

आणि माणसं येत गेली. शेतातून, बांधावरून. एका मारवाडी शेठने सायकल लिंबाला टेकवली आणि खांदा दिला. कोणी नाव विचारलं नाही. जात विचारली नाही. एकाने एवढंच विचारलं, "कोन गया, भाऊ?"

नाना म्हणाले, "मना भाऊ शे."

त्याने मान हलवली आणि नानांना म्हणाला, तुम्ही थकलात, सरका. नाना सरकले नाहीत.

पारोळा दिसायला लागलं आणि आबांना राहवेना. उपरण्याखालून आवाज आला.

"पानी."

पुढचा एक जण खाट सोडून शेतात पळाला. खाट कलली. नानांनी दोन्ही हातांनी वर रेटून धरली. बाकीचे जागच्या जागी गार.

शेठ मात्र हलला नाही. म्हणाला, "जिवंत आहे? मग उभे काय राहिलात? चला ना लवकर!"

आणि तो पळालेला माणूस? तांब्याभर पाणी घेऊन परत आला. पुन्हा खांदा लावला.

पारोळ्याहून कापसाच्या ट्रकमध्ये खाटेसकट धुळ्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, बैलगाडीने आणला असता तर हाडाच्या टोकांनीच आतून फाटला असता, रस्त्यातच गेला असता.

मग त्यांनी नानांकडे पाहिलं. "तुम्ही सदरा काढा."

नानांच्या गळ्याजवळचं हाड मोडलेलं होतं.

"मला वाटलं, खाट वाहून दुखतंय," नाना म्हणाले.

हाड ताणून धरायला आबा कित्येक महिने पायाला विटा लटकवून पडून होते. ते उठायच्या आधी मी जन्मलो. पुढे ते लंगडत का होईना, चालले. नांगर धरला. माझं लग्न पाहिलं, नात खेळवली, मग गेले.

म्हातारपणी दोघे पारावर बसले की आबा म्हणायचे, "ह्यानी माले जित्ता मारं."

नाना म्हणायचे, "म्हनीसन त जगना तू."

नानांचं हाड वाकडंच जुळलं. तिथे गाठ राहिली. लहानपणी जत्रेत मी त्यांच्या खांद्यावर बसायचो, तेव्हा ती मांडीला टोचायची. मी कुरकुर करायचो.

आज आंघोळ घालताना ती गाठ हाताला लागली. हात तिथेच थांबला.

माझ्या घरात जे काही आहे ते त्या गाठीवर उभं आहे. देवाने दिलं असं मी रोज म्हणतो. पण त्याने ते कुणाच्या खांद्यावरून पाठवलं, तेही माहीत आहे.

स्मशानाच्या वाटेवर एक मोटारसायकलवाला थांबला. गाडी बाजूला लावली, हेल्मेट काढून आरशाला अडकवलं, आणि माझ्या पुढे येऊन खांदा दिला. कोण होता, माहीत नाही. मी विचारलं नाही.

मी मात्र सगळी वाट कान देऊन चालत होतो.

नाना, तुम्ही पाणी मागितलं नाही.

राम राम, नाना.