गच्चीवरचा ओटीपी

सकाळी ऑफिस सुरू व्हायच्या आधीच सगीराचा फोन वाजायला लागायचा. वाळूजला गाड्यांच्या दारांची बिजागरं बनवणारी एक कंपनी आहे, तिथल्या संगणक विभागात ती कामाला. जी माणसं घरून किंवा गावोगाव फिरून काम करतात, त्यांचे लॅपटॉप कंपनीला सुरक्षित जोडून द्यायचे, हे तिच्या गळ्यात पडलेलं काम. या जोडणीला व्हीपीएन म्हणतात. नव्या माणसाला ती समजावून सांगायची, "ही घरापासून कंपनीपर्यंतची बंदिस्त वाट आहे. आत काय चाललंय ते बाहेरच्याला दिसत नाही."

वाट चांगलीच होती, पण तिच्यात शिरता शिरता माणसाच्या नाकी नऊ यायचे. आधी एक ॲप उघडा, मग त्यात सर्व्हर निवडा, मग लांबलचक पासवर्ड टाका, मग मोबाइलवर ओटीपी येईल तो मिनिटभरात भरा. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

सगीरा मात्र वैतागायची नाही. शहागंजात तिच्या अब्बांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. एकच गोष्ट गिऱ्हाइकाला चार वेळा सांगायची सवय तिला तिथंच लागलेली. "हां भाई, वो नीला बटन दिखरा क्या? बस, वहीच दबाओ," असं तिचं दुपारपर्यंत चालायचं.

तिला हार मानायला लावली ती करमाडच्या गोकुळनं. गोकुळ मालाच्या गाड्यांचं नियोजन बघायचा. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तो बहुतेक दिवस घरूनच काम करायचा आणि रोज त्याचं एकच गाऱ्हाणं असायचं, "मॅडम, ओटीपी चुकीचा दाखवतंय." हा माणूस आकडे नीट बघतच नाही, असं सगीराचं पक्कं मत झालं होतं. शेवटी एका शनिवारी तिनं स्कूटी काढली आणि थेट करमाड गाठलं.

गोकुळची आई, कडूबाई, ओसरीत बाजेवर पाय लांब करून बसली होती. "ये माय, बस. पाणी पी आधी," ती म्हणाली. "ह्या लेकराचं काय ते मशीन एकदा नीट करून दे. दिसभर जिना चढतंय, उतरतंय."

जिन्याचा काय संबंध, ते सगीराला कळेना. ती आतल्या खोलीत लॅपटॉपपाशी बसली. घरात वायफाय उत्तम होतं. पासवर्ड टाकला. ओटीपीसाठी गोकुळचा मोबाइल हातात घेतला, तर त्याला रेंजच नाही.

"इथं नाय येत," गोकुळ खाली मान घालून म्हणाला. "वर गच्चीवर येती. तिथं वायफाय पोचत नाय."

सगीरा मोबाइल घेऊन वर गेली. पाण्याच्या टाकीजवळ उभं राहिल्यावर ओटीपी आला. आकडे पुटपुटत ती खाली धावली, टाकले, आणि लॅपटॉपनं सांगितलं की वेळ संपली. दुसऱ्या खेपेला ती ओढणी कमरेला खोचून पळाली, तर घाईत दोन आकड्यांची अदलाबदल झाली. बाजेवर कडूबाईला हसू आवरेना. "गोक्या, बघ रं, ह्या बाईलाबी तसंच पळवतंय ते!"

सगीराही दम खात जिन्यावर बसून हसली. आपण हे सगळं आजवर ऑफिसच्या खुर्चीत बसून तपासत आलो, हे तिच्या ध्यानात आलं.

मग गोकुळनं हळूच खरं सांगून टाकलं. "तिकडं मालाची गाडी कंपनीच्या दारात उभी राहती, मॅडम. मग एखाद्या दिवशी ऑफिसातून फाइल व्हॉट्सॲपवरच मागवून घेतो. चूक हाय, ठावं हाय मला." एरवी तिनं त्याला बरंच सुनावलं असतं. आज त्याचा मोबाइल परत देऊन ती स्कूटीकडं वळली.

सोमवारी ती विभागप्रमुख सुदर्शन सरांपुढं उभी राहिली. तिचं म्हणणं साधं होतं. लॅपटॉपलाच कंपनीची ओळख देऊन ठेवायची. लॅपटॉप ज्याचा त्यानं बोट टेकवून तो उघडला, की जोडणी आपोआप व्हावी. मधलं काही नको.

"सगीरा, आपल्या लोकांना सोपं केलं तर चोरालाही सोपं होईल," सर म्हणाले.

"चोराकडं आपला लॅपटॉपही पाहिजे आणि तो ज्याचा त्याचं बोटही पाहिजे, सर. आणि लॅपटॉप हरवलाच तर त्याची ओळख मी इथून रद्द करते. आज वाट इतकी अवघड आहे, की आपलीच माणसं कुंपणावरून उड्या मारतात."

"कोण उड्या मारतंय?"

"नाव नका विचारू. त्या घरात असते तर मीपण मारली असती." मग तिनं नाव-गाव न घेता जिन्याची सगळी हकीकत सांगितली. सर आधी गंभीरपणे ऐकत होते. गोष्ट गच्चीवरच्या टाकीपर्यंत आली आणि त्यांनाही हसू फुटलं. आधी थोड्या लॅपटॉपांवर करून बघा, म्हणाले.

सुरुवातीला एक घोळ झालाच. विक्री विभागातला शिवराज नाशिकच्या लॉजवरून फोनवर आला. लॉजच्या वायफायला आधी एका पानावर खोलीचा नंबर भरावा लागायचा, आणि नवी जोडणी ते पानच उघडू देईना. "मॅडम, आता तर आतबी नाय अन् बाहेरबी नाय," तो म्हणाला. सगीरानं दोन दिवस खपून तेवढ्या एका पानापुरती फट ठेवली. ते भरलं की फट आपोआप बंद. मग तिनं सगळ्यांचे लॅपटॉप एकामागून एक बदलले.

त्यानंतरच्या सोमवारी तिचा फोन वाजलाच नाही. तिला वाटलं, बिघडला. तिनंच गोकुळला व्हॉट्सॲपवरून लावला.

"जोडणी झाली का?"

"कसली जोडणी?" गोकुळ म्हणाला. "मी तर मघापासून काम करतोय. का, काही करायचं होतं का मला?"

"नाही, काहीच नाही," सगीरा म्हणाली आणि स्वतःवरच खूश होत तिनं फोन ठेवला.

तेवढ्यात सुदर्शन सर टेबलापाशी आले. "मग, आता सकाळी काय करणार?"

"आधी कॅन्टीनमध्ये जाऊन पोहे खाते," ती उठत म्हणाली. "मग तो दुसऱ्या मजल्यावरचा प्रिंटर. त्याच्याही लई तक्रारी आहेत."