रूपलीबाईच्या धुतलेल्या पिशव्या

म्हसावदच्या वरच्या डोंगरात राहणाऱ्या रूपलीबाईला घाण म्हणून खपत नाही. तिच्या सारवलेल्या अंगणात पाय टाकताना कोंबडीसुद्धा विचार करते. पाहुण्याला पाणी द्यायचं तर घासलेला लोटा ती पुन्हा राखेनं घासणार, मगच भरणार.

ओढ्यांचा अभ्यास करणाऱ्या चेतनाताईंनी तिच्यावर एक काम सोपवलं. करंजाची वाळकी पानं जाळीच्या पिशव्यांत भरून त्यांनी ओढ्यात बांधली होती. पानं कशी कुजतात, कोणते किडे ती खातात, त्यांतला कस पाण्यात कसा उतरतो, हे त्यांना बघायचं होतं. महिनाभरानं पिशव्या काढून द्यायच्या, एवढंच रूपलीबाईचं काम.

पण पाहुणीच्या हाती असलं बुळबुळीत द्यायचं? रूपलीबाईनं एकेक पिशवी खळखळून धुतली, किडे झटकले, पानं पुसली आणि सगळं उन्हात वाळवून ठेवलं.

ते बघून चेतनाताई ओट्यावर मटकन बसल्या. "मावशी, मला ती घाणच हवी होती!"

"मग आधी सांगायचं ना!" रूपलीबाई फणकारली. "हात दुखले माझे."

पुन्हा पानं भरली, पुन्हा महिना गेला. या खेपेला रूपलीबाईनं पिशव्या चिखलासकट, किड्यांसकट टोपलीत घालून आणल्या. वर मात्र पांढरंशुभ्र धुतलेलं फडकं झाकलं होतं. टोपली पुढे करून तिनं तोंड फिरवलं.

"घ्या. पण रूपलीनं दिलं म्हणून गावात सांगू नका."